दाराची कुलपे, लॅच आणि किल्ल्या : घरी काय दुरुस्त करावे आणि कारागिराला केव्हा बोलवावे?

रानजाई

आमचे घर ठाण्यातील एका जुन्या इमारतीत आहे. मुख्य दाराला वर लॅच आहे आणि खाली मूठ असलेले मॉर्टिस कुलूप, म्हणजे दाराच्या जाडीत कोरून बसवलेले कुलूप आहे. पाऊस स्थिरावला की दोन्ही त्रास देऊ लागतात. मॉर्टिसची किल्ली दार मुठीने थोडे वर उचलून धरल्याशिवाय फिरत नाही. लॅचची किल्ली आत सहज जाते, परंतु केसभर बाहेर ओढून हलवत राहिले तरच फिरते. घरातील प्रत्येकाने आपापली युक्ती बसवलेली आहे आणि पाहुण्यांना मात्र दार उघडता येत नाही.

किल्लीवाल्याने दोन्ही कुलपे बदलावीत असे सांगितले, तर सुताराच्या मते दार रंधले, म्हणजे रंध्याने तासले, की सर्व प्रश्न मिटतील. दोघांनीही हे दाराला हात न लावता सांगितले, म्हणून मी कोणाचेच ऐकलेले नाही. याशिवाय रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या पडवीला लावलेले कुलूप दर वर्षी गंजून बसते. नवे कुलूप घेण्याला माझा विरोध नाही, पण दोष नेमका कशात आहे हे कळल्याशिवाय पैसे खर्च करण्याची इच्छा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पटाशी

रानजाईताई, सुताराला किंवा किल्लीवाल्याला बोलावण्यापूर्वी दोन तपासण्या करा. त्यांना कोणतेही हत्यार लागत नाही. पहिली तपासणी म्हणजे दार उघडे ठेवून कुलूप चालवून पाहणे. उघड्या दारात किल्ली विनासायास फिरत असेल आणि बंद दारातच अडत असेल, तर कुलूप निर्दोष आहे आणि दोष दारात, बिजागरीत किंवा चौकटीवरील पट्टीत (जिच्या भोकात कुलपाचा बोल्ट, म्हणजे बाहेर येणारी दांडी, शिरते) आहे. दुसरी तपासणी म्हणजे घरात कुठेतरी पडलेली, फारशी न वापरलेली मूळ किल्ली शोधून तीच लावून पाहणे. ती नीट चालली, तर दोष रोजच्या किल्लीत आहे. या दोन्ही तपासण्यांनंतरही कुलूप अडत असेल, तरच ते उघडण्याचा किंवा बदलण्याचा विचार करावा.

आपण दिलेल्या वर्णनावरून मला वाटते की आपल्याकडे एक नसून दोन स्वतंत्र दुखणी आहेत. दार उचलावे लागते याचा अर्थ ते खाली झुकले आहे. किल्ली केसभर बाहेर ओढावी लागते हे झिजलेल्या किल्लीचे ठरलेले लक्षण आहे. तपासून कळवा, मग पुढचे सांगतो.

जुनाट

एवढी चिकित्सा कशासाठी? आमच्या वडिलांनी आयुष्यभर कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले आणि त्यांची कुलपे आजही चालू आहेत. हल्ली प्रत्येक गोष्टीसाठी फवारे आणि पावडरी विकत आणायची पद्धत पडली आहे.

रसायनी

जुनाटकाका, आपल्या वडिलांच्या कुलपांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते की खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. नाशिकला किंवा पुण्याला डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते, ती याच कारणाने. तेच तेल कुलपाच्या आत पिना आणि स्प्रिंगांभोवती थिजले, तर पिना वेळेवर खाली येत नाहीत. शिवाय कोणतेही खाद्यतेल हवेने हळूहळू चिकट होत जाते आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल तयार होतो.

जुनाट

ठाण्यात कोणते तेल थिजणार आहे?

रसायनी

ठाण्यात ते थिजण्याची चिंता कमी आहे, हे मान्य. परंतु धूळ ठाण्यात कमी नाही. जुन्या कुलपांचे म्हणाल, तर आपल्या वडिलांची कुलपे बहुधा लिव्हरची, म्हणजे आत चपट्या पट्ट्या असलेली, असावीत. त्यांत भाग मोठे असतात आणि मोकळीकही जास्त असते, त्यामुळे ती तेल सहन करतात. आजच्या लॅचमधील बारीक पिनांना ते चालत नाही.

अशा कुलपांना ग्राफाइटची कोरडी पूड योग्य असते. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. न मिळाल्यास ६बी पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर आणि खाचेत भरपूर घासावी आणि किल्ली अनेकदा आत-बाहेर करावी. एचबी पेन्सिलीच्या शिसात चिकणमातीचे प्रमाण जास्त असते, म्हणून मऊ पेन्सिल घ्यायची. आधी तेल घातलेल्या कुलपात मात्र ग्राफाइट कदापि टाकू नये, कारण दोन्ही मिळून लगदा होतो. आधी कुलूप धुऊन वाळवावे, मग पूड वापरावी.

खटपट्या

धुण्यासाठी फवारायचे डब्ल्यूडी-४० चांगले. तेच वंगण समजून दर महिन्याला मारत राहणारे लोक मात्र मला नेहमी भेटतात. १९५३ साली ते पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झाले. ते ओलावा काढते आणि मळ सैल करते, पण त्यातील बराचसा भाग उडून जातो. त्यामुळे फवारा मारल्यावर कुलूप आठवडाभर सुरेख चालते आणि पुन्हा अडते. त्याने स्वच्छ करावे, वाळू द्यावे आणि त्यानंतर ग्राफाइट किंवा कोरडा सिलिकॉन फवारा वापरावा.

हे सर्व पिनांच्या कुलपाबद्दल झाले. बिजागरीला तेल खुशाल घाला. तेथे शिवणयंत्राचे तेल उत्तम.

मृद्गंध

मी रत्नागिरीचीच आहे, म्हणून पडवीच्या कुलपाबद्दल लिहिते. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे साध्या लोखंडी कुलपाचा निभाव लागत नाही. पितळी अंगाचे आणि स्टेनलेस स्टीलच्या कडीचे कुलूप घ्यावे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तो कुलपावर टोपरासारखा बसवावा, मात्र खालची बाजू मोकळी ठेवावी. किल्लीचे भोक खालच्या बाजूला असेल तर पाणी आत साचत नाही. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून गाठ मारण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण त्यात आतला दमटपणा कोंडून राहतो आणि कुलूप अधिक गंजते.

गंजून बसलेल्या कुलपावर जोर लावू नये. भोकातून आणि कडी जेथे आत शिरते तेथून गंज सोडवणारे पातळ तेल किंवा डब्ल्यूडी-४० सोडून रात्रभर ठेवावे. सकाळी लाकडी हातोडीने अंगावर हलके ठोकत किल्ली थोडी पुढे-मागे करावी. एकाच दिशेने पिळली तर किल्ली तुटते.

आणि आणखी एक शत्रू आहे, ज्याचा विचार शहरातील माणूस करणार नाही. कुंभारमाशी किल्लीच्या भोकात मातीचे घर करते. बंद घर उघडायला गेल्यावर किल्ली अर्धीच आत गेली, तर ती पुढे ढकलू नका, कारण माती आत दाबली जाऊन विटेसारखी बसते. बारीक तारेने ती उकरून बाहेर काढावी आणि सायकलच्या पंपाने हवा मारावी.

वरणफळ

कुंभारमाशीला भाडे लावा, म्हणजे पुढच्या वर्षी ती दुसरीकडे घर शोधेल.

सह्यकडा

गंभीर चर्चेत माझी भर. लॅचच्या कुलपात किल्ली तुटून तुकडा आत राहिला आहे. तूर्त दुसऱ्या दाराने ये-जा चालू आहे. उरलेल्या अर्ध्या किल्लीला फेविक्विक लावून आतल्या तुकड्याला चिकटवावे आणि ओढावे, असे एका व्हिडिओत पाहिले. करावे का?

खटपट्या

अजिबात करू नका. थेंब पिनांवर गेला की किल्लीचा तुकडा आणि कुलूप कायमचे एक होतात आणि नंतर किल्लीवाल्यालाही काही करता येत नाही.

आत काय घडले आहे ते समजून घेतल्यास काम सोपे होईल. आपल्या लॅचच्या गाभ्यात एक फिरणारा दंडगोल असतो आणि त्यात पाच-सहा पिना वरून स्प्रिंगने दाबलेल्या असतात. प्रत्येक पिनेचे दोन तुकडे असतात. योग्य किल्ली आत गेल्यावर सर्व पिनांचे जोड एका रेषेत येतात आणि दंडगोल फिरतो. अमेरिकी कुलूपकार लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ आणि १८६५ साली घेतलेल्या एकस्वांमधील ही रचना आजही मुळात तशीच आहे. आता महत्त्वाची बाब अशी की दंडगोल थोडा जरी फिरलेला असेल, तरी किल्ली बाहेर येऊच शकत नाही, कारण पिना तिला धरून ठेवतात. म्हणून बारीक सपाट पेचकसाने दंडगोल प्रथम किल्ली घालण्याच्या मूळ स्थितीत आणावा. मग ग्राफाइट किंवा थोडा फवारा मारावा. नक्षीकामाच्या करवतीचे बारीक पाते, दाते आपल्याकडे झुकतील असे धरून, किल्लीच्या दातेरी बाजूने आत सरकवावे, किंचित वळवून दात्यांत अडकवावे आणि सरळ ओढावे. तुकडा थोडा बाहेर डोकावत असेल, तर निमुळत्या चिमट्यानेच काम होते. दोन-तीन प्रयत्नांत तो हलला नाही, तर थांबा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाने तुकडा आणखी आत जातो.

तुकडा निघाल्यावर दोन्ही भाग जपून ठेवा. किल्लीवाला ते जुळवून नवी किल्ली कापू शकतो.

सह्यकडा

मनःपूर्वक धन्यवाद. तुकड्यासह चित्र टाकले असते, पण तो अजून आतच आहे. माझ्या शेजारच्या घराचीही अशीच किल्ली आहे. तिचे छायाचित्र सोबत जोडत आहे, म्हणजे प्रकार लक्षात येईल.

प्रशासक

वरील छायाचित्र काढून टाकले आहे. किल्लीच्या कापांची खोली छायाचित्रावरून मोजता येते आणि त्यावरून दुसरी किल्ली कापता येते. अमेरिकेत विमानतळांवरील सामानतपासणीच्या मुख्य किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ साली एका वृत्तपत्रात छापून आले आणि २०१५ साली त्यावरून त्रिमितीय छपाईसाठीचे आराखडे सर्वत्र पसरले. शेजाऱ्यांची किल्ली असल्यास तर अधिकच जपावे. तसेच दुसऱ्याचे कुलूप उघडण्याच्या पद्धती या धाग्यावर लिहू नयेत, ही विनंती.

वरणफळ

सह्यकडा यांचे शेजारी आता या संकेतस्थळाचे सदस्य होणार.

रानजाई

पटाशी यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही तपासण्या केल्या. मॉर्टिस कुलूप उघड्या दारात अगदी मऊ चालते. लॅच मात्र उघड्या दारातही रोजच्या किल्लीने अडते. सासूबाईंच्या देवघराच्या खणात लॅचची मूळ किल्ली सापडली आणि तिने ते पहिल्या झटक्यात फिरले. म्हणजे आपला अंदाज खरा ठरला. आमच्या सर्वांच्या किल्ल्या एकाच किल्लीवरून करून घेतल्या होत्या आणि ती स्वतःच नक्कल होती.

पटाशी

उत्तम. मग लॅच बदलण्याचे काहीच कारण नाही. मूळ किल्लीवरूनच नव्या किल्ल्या करून घ्या आणि त्यानंतर मूळ किल्ली वापरू नका. ती केवळ नकला काढण्यासाठी राखून ठेवा. नकलेवरून नक्कल केली की आधीच्या यंत्राची चूक आणि आधीच्या किल्लीची झीज, दोन्ही पुढच्या किल्लीत उतरतात. नवी किल्ली घेताना कडेला राहिलेली धातूची बारीक कुसळे कानशीने काढून देण्यास सांगा, नाहीतर तीच कुसळे कुलपात पडतात. आणि कारागिराने कोरी किल्ली त्याच खाचेची निवडली आहे ना, हे दोन्ही किल्ल्या एकमेकींवर ठेवून पाहा.

आता मॉर्टिसकडे वळू. दार अर्धे उघडे ठेवून मूठ धरा आणि वर उचला. दार वर-खाली हलत असेल, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत. सागाच्या किंवा फ्लश (प्लायवूडच्या सपाट) दारात हे वजनाने होतेच, आणि पावसाळ्यात दार ओलावा शोषून जड होते, म्हणून तेव्हा ते अधिक जाणवते. दाराखाली पाचर ठोकून ते योग्य उंचीवर आणा. एक एक स्क्रू काढून भोकात बांबूच्या किंवा सागाच्या कामट्या फेविकॉल लावून घट्ट बसवा, बाहेर आलेले टोक कापून टाका आणि एक रात्र वाळू दिल्यावर स्क्रू परत लावा. वरच्या बिजागरीला, चौकट भक्कम असल्यास, पूर्वीपेक्षा लांब स्क्रू लावल्यास ती अधिक काळ टिकते. सर्व स्क्रू एकाच वेळी काढू नका, कारण दार अंगावर येऊ शकते.

यानंतरही बोल्ट पट्टीवर अडत असेल, तर बोल्टच्या टोकाला खडू लावून दार बंद करा आणि किल्ली फिरवा. पट्टीवर खडूचा ठसा उमटेल. ठसा भोकाच्या एक-दोन मिलिमीटर वर किंवा खाली असेल, तर भोकाची तेवढी कड कानशीने घासावी. अंतर त्याहून जास्त असेल, तर पट्टीच सरकवावी लागेल.

अंगणवेल

माझ्या दाराचे दुखणे वेगळे आहे. बाहेरून दार स्वतःकडे गच्च ओढले तरच लॅच उघडते. बिजागऱ्या पक्क्या आहेत आणि उघड्या दारात किल्ली नीट फिरते.

पटाशी

तुमचे दार चौकटीच्या खाचेत पूर्ण टेकत नसावे, म्हणून लॅचची जीभ चौकटीवरील डबीच्या कडेवर दाबून बसते. ओढले की दाब सुटतो. खाचेत रंगाचे थर किती साचले आहेत ते पाहा. जुन्या घरांत दर रंगकामाला नवा थर चढतो आणि शेवटी दार आत मावेनासे होते. ते खरवडून काढा. नंतर कोणी चिकटवलेली रबरी पट्टी असेल तर तीही काढून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर डबी किंचित आत सरकवावी.

जुनाट

मग सुताराचे रंधणे कशासाठी असते? दर पावसाळ्यात आमचे मागचे दार फुगते आणि आम्ही दरवर्षी रंधतो.

पटाशी

काका, जुलैमध्ये रंधलेल्या दाराला एप्रिलमध्ये फट पडते. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळपास वाढत नाही, ते रुंदीत फुगते आणि सुकले की परत आकसते. म्हणून पावसाळ्यात ते कोठे घासते तेवढी खूण पेन्सिलीने करून ठेवावी आणि दसऱ्यानंतर, दार सुकल्यावरही खुणेपाशी घासत असेल तर तेवढेच रंधावे. फ्लश दाराला कडेची पट्टी पातळ असते. दरवर्षी रंधत गेल्यास आतला गाभा उघडा पडतो आणि मग दार अधिक वेगाने पाणी शोषते.

खरा उपाय वेगळा आहे आणि तो कोणीच करत नाही. दाराची खालची आणि वरची कड बहुतेक वेळा रंगाविना कोरी सोडलेली असते, कारण ती दिसत नाही. फरशी पुसताना त्याच कडेतून पाणी वर चढते. पुढच्या उन्हाळ्यात दार उतरवून त्या दोन्ही कडांना प्रायमर आणि तैलरंग लावा. तुमच्या दाराचे फुगणे बरेच कमी होईल.

जुनाट

हे मात्र नवीन कळले. खोबरेलाबद्दल माझे मत कायम आहे.

रसायनी

जुनाटकाका, बिजागरीला लावा. तेथे मीही विरोध करणार नाही.

केवडा

थोडे वेगळे विचारते. आमचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. प्रत्येक भाडेकरू गेल्यावर पूर्ण कुलूप बदलावे की नाही, यावर घरात वाद होतो.

खटपट्या

पूर्ण कुलूप बदलण्याची गरज नाही, परंतु किल्ली फिरणारा गाभा, म्हणजे सिलिंडर, नक्की बदलावा. जुन्या भाडेकरूने किती नकला केल्या होत्या हे कोणीच सांगू शकत नाही. मॉर्टिसचा सिलिंडर काढणे फार सोपे आहे. दाराच्या कडेला सिलिंडरच्या पातळीवर एक लांब स्क्रू असतो, तो पूर्ण काढावा. मग किल्ली आत घालून सरळ स्थितीपासून थोडीशी वळवावी, म्हणजे मधला पंखा (बोल्ट सरकवणारा, बाहेर आलेला तुकडा) सिलिंडरच्या रेषेत येतो, आणि सिलिंडर बाहेर सरकतो. विकत घेताना जुना सिलिंडर दुकानात घेऊन जावा. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे जुळली पाहिजेत. ३० अधिक ३० म्हणजे ६० मिलिमीटर आणि ३५ अधिक ३५ म्हणजे ७० मिलिमीटर ही मापे सामान्यतः मिळतात. बाहेरच्या बाजूला तो सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे येऊ देऊ नये. पुढे आलेला सिलिंडर पकडीत धरून तोडता येतो.

लॅचचा सिलिंडरही वेगळा मिळतो. आतून लॅचचा खोका काढल्यावर त्यामागे दोन लांब स्क्रू दिसतील. नव्या सिलिंडरची मागची चपटी पट्टी लांब असते, ती दाराच्या जाडीप्रमाणे खुणेवर तोडून घ्यावी लागते.

सह्यकडा

खटपट्या यांच्या सांगण्याप्रमाणे तुकडा निघाला. दंडगोल खरोखरच तिरका राहिला होता. तो सरळ केल्यावर पाते लावताच तुकडा पुढे आला.

याच निमित्ताने कोणत्या कंपनीचे कुलूप घ्यावे हेही कोणी सांगावे. अलीगढची कुलपे स्वस्त असतात, ती टिकतात का?

मृद्गंध

केवळ गावाच्या नावावर निर्णय घेऊ नये. अलीगढला साधी स्वस्त कुलपेही होतात आणि उत्तम कुलपेही होतात. तमिळनाडूतील दिंडिगुलच्या हाताने घडवलेल्या कुलपांना तर २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मुंबईत लालबागला अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडल्यावर १८९७ साली कुलपांचे काम सुरू केले, हा इतिहास अनेकांना माहीत आहे. घेताना कंपनीपेक्षा पितळी अंग आहे की केवळ मुलामा आहे, लिव्हर किती आहेत आणि किल्ल्या किती मिळतात, हे विचारावे.

अंगणवेल

रंगाचे थर खरवडले. खाली हिरवा, त्याखाली पिवळा आणि त्याखाली करडा रंग निघाला. दार आता नीट टेकते आणि ओढावे लागत नाही. पण आता आमचा चार वर्षांचा मुलगा न्हाणीघराची कडी आतून लावून घेतो. त्याला काय करावे?

पटाशी

आतली कडी काढून त्याच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर बसवा. गोल मुठीचे कुलूप असेल, तर बाहेरच्या मुठीच्या मध्यभागी बारीक भोक किंवा आडवी खाच असते. भोक असल्यास बारीक सळई आत दाबून आणि खाच असल्यास नाणे किंवा पेचकस फिरवून ते बाहेरून उघडते. ती सळई दाराच्या चौकटीवर वरच्या बाजूला ठेवून द्या आणि घरातील सर्वांना, विशेषतः दुपारी मुलाबरोबर एकट्या असणाऱ्या आजीला, ती कोठे आहे आणि कशी वापरायची हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.